स्थानिक स्वराज्य संस्था आणि ऊर्जाबचत

ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी आपल्या कारभारात, आणि रहिवाशांनी आपापल्या घरात, वीज व इंधनाचा वापर घटवून कार्बन उत्सर्जन कमी करण्याचे प्रयत्न. वीजनिर्मिती, कोळसा आणि विजेचे दर हे विषय वरच्या पातळीवर ठरत असल्यामुळे नगरपालिकेच्या हाती यात फारसे काही नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. पाणीपुरवठा, पथदिवे, घनकचरा, रस्ते, इमारतींच्या परवानग्या ही कामे या संस्थांकडे आहेत. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनात्मक आधारही मिळाला. गावाची किंवा शहराची बरीचशी ऊर्जा याच कामांवर खर्च होते किंवा या कामांमुळे वाचते. भारतातली वीज अजून मुख्यतः कोळशाची असल्याने ग्रिडमधली एक युनिट वीज वापरली, की सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे वीजबिल आणि कार्बनचा हिशेब इथे जवळजवळ एकच ठरतो.

पाण्यातली वीज

बहुतेक नगरपालिकांच्या वीजबिलात सर्वांत मोठा आकडा पाणी उपसण्याचा असतो. पथदिवे रात्री सगळ्यांना दिसतात म्हणून चर्चा त्यांची होते. धरणाच्या काठावरच्या जॅकवेलमध्ये (पाणी उपसण्याच्या विहिरीत) रात्रंदिवस घरघरणारा पंप कोणाला दिसत नाही.

पाणी कुठून येते यावर सारे अवलंबून असते. मुंबईला तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा या धरणांचे पाणी बहुतांशी उताराने येते, भातसाचे मात्र पिसे येथे पंपाने उचलावे लागते. साताऱ्याला कास तलावाचे पाणी डोंगरावरून खाली उतरते. छत्रपती संभाजीनगरची गोष्ट नेमकी उलटी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी बांधलेली नहर-ए-अंबरी पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणत असे. पाणचक्कीची नहर वेगळी, पण तत्त्व तेच, आणि तिथे तर पडणाऱ्या पाण्यावर जातेही फिरे. आजचे शहर जायकवाडीच्या नाथसागरावर जगते. धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, तर शहर साधारण ५७० मीटरवर. म्हणजे शंभरेक मीटरची चढण, आणि मध्ये सुमारे ४० किलोमीटरची जलवाहिनी.

हा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. १,००० लिटर पाणी १०० मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राप्रमाणे ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर हा आकडा ०.४ च्या वर जातो. जलवाहिनीतले घर्षण आणि शेवटी उंच टाकीत चढवणे मिळवले, की अर्धा युनिट सहज ओलांडला जातो. अशा शहरात वाटेत गळालेला प्रत्येक टँकर म्हणजे गळालेली वीज. आपल्याकडे अनेक शहरांत शुद्ध केलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक गळती, चोरी आणि बिनहिशेबी वापरात जातो. गळती काढणे हे पाणीपुरवठा विभागाचे काम समजले जाते. ऊर्जाबचतीच्या आराखड्यातही ते पहिल्या पानावर हवे.

पंपघराच्या आत शिरले, की आणखी जागा सापडतात. योजना आखताना तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून मोठा पंप घेतला जातो आणि मग व्हॉल्व्ह अर्धा आवळून तो चालवला जातो. मोटर जळाली की रिवाइंडिंग (आतली तार पुन्हा गुंडाळणे), पुन्हा जळाली की पुन्हा रिवाइंडिंग. काम नीट झाले नाही तर दर खेपेला ती थोडी जास्त वीज खाऊ लागते. कपॅसिटर बँक, म्हणजे मोटरचा वीजवापर सुधारणारे उपकरण, नादुरुस्त असेल तर पॉवर फॅक्टर घसरतो, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा कमी होतो. महाराष्ट्रात मोठ्या पंपघरांसारख्या उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे कामी न येणारा हिस्साही धरून, बिल येत असल्यामुळे ही घसरण थेट खिशाला लागते. एनर्जी ऑडिटमध्ये (वीजवापराच्या तपासणीत) या गोष्टी पहिल्याच दिवशी उघड होतात. पण बिल लेखा विभागात येते, तिथे मंजूर होऊन भरले जाते, आणि पंपघरातल्या माणसाच्या हाती ते कधी पडत नाही. ही फट बुजवायला कोणतीही योजना लागत नाही, बिलाची एक झेरॉक्स लागते.

आता घराच्या बाजूने. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या वस्त्यांत ताजे पाणी आले, की साठवलेले ‘शिळे’ पाणी मोरीत ओतून देण्याची सवय आहे. पाणी शिळे होत नसते. झाकून ठेवले तर ते वापरण्याजोगे राहते. २०० लिटरचे एक पिंप ओतले, की वरच्या हिशेबाने ०.१ युनिट वीज गटारात गेली. दहा हजार घरांनी एकाच दिवशी तसे केले तर १,००० युनिट, म्हणजे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड. सार्वजनिक नळाला तोटी नसणे आणि नळाच्या लाइनला थेट टिल्लू पंप जोडणे हीही त्याच माळेतली उदाहरणे. टिल्लू पंपाने शेजाऱ्याचे पाणी तर ओढले जातेच, शिवाय एकदा दाबाने आलेल्या पाण्यावर दुसऱ्यांदा वीज खर्च होते. यात रहिवाशांना दोष देऊन भागत नाही. पाणी पुन्हा कधी येईल याची खात्री नसली, की माणूस साठवतो, आणि साठवतो म्हणून ओततो.

ही खात्री देता येते हे कराडजवळच्या मलकापूरने दाखवले. या छोट्या शहराने चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर अशी तिहेरी व्यवस्था बसवली. पाणी केव्हाही मिळते म्हटल्यावर साठवण्याची गरज उरत नाही, आणि मीटर फिरतो म्हटल्यावर तोटी बंद होते.

इंदूरचा मार्ग दुसरा आहे. होळकरांच्या या शहरात नर्मदेचे पाणी जलूद येथून उचलून आणले जाते आणि त्याचा वीजखर्च महापालिकेला कायम डोईजड होत आला. त्यासाठी लागणारी वीज सूर्याकडून घ्यावी म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे (पर्यावरणाच्या कामासाठी कर्ज उभारण्याचे रोखे) सामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले केले आणि ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. कल्पना धाडसाची आहे, पण तिचा क्रम ध्यानात ठेवायला हवा. आधी गळती आणि पंप, मग पॅनेल. गळणाऱ्या जलवाहिनीत सौर विजेने चढवलेले पाणीही गळतेच, आणि पॅनेल मात्र गरजेपेक्षा जास्त घ्यावे लागतात.

पथदिवे

हे काम तुलनेने सोपे आणि बऱ्याच ठिकाणी झालेले. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात सरकारी कंपनीने आधी पैसे घालायचे आणि संस्थेने ते वाचलेल्या बिलातून फेडायचे, अशी रीत होती. चोकसह ५० वॉट घेणाऱ्या जुन्या ट्यूबच्या जागी २० वॉटचा एलईडी लावला, तर वर्षाच्या सुमारे ४,००० तासांत एका खांबामागे १२० युनिट वाचतात. ३०० खांबांच्या गावात ३६,०००. पण खेड्यापाड्यांत भर दुपारी जळणारे दिवे आजही दिसतात, कारण पथदिव्यांची तार वेगळी नसते किंवा टायमर बंद पडलेला असतो. तिथे एलईडीने निम्मेच काम होते. बिल नेमके कोणी भरायचे यावरून ग्रामपंचायती आणि शासन यांच्यात वर्षानुवर्षे घोळ चालला, आणि ज्याचे बिल कोणीच आपले मानत नाही तो दिवा कोणी विझवतही नाही.

घरे, सोसायट्या आणि वाड्या

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या वातावरण कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे हवेत सोडला जाईल तेवढाच कार्बन शोषला जाण्याचे, उद्दिष्ट आहे. देशाचे उद्दिष्ट २०७० चे. त्याच आराखड्याच्या मोजणीत शहराच्या उत्सर्जनाचा सुमारे ७२ टक्के वाटा इमारतींमध्ये व इतरत्र एका जागी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा निघाला, वाहतुकीचा सुमारे २० टक्के. गाड्यांच्या धुराकडे बोट दाखवणाऱ्या शहराला हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

सोसायटीत सुरुवात कॉमन मीटरपासून होते. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि तळटाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा पंप, हे तिघे मिळून ते बिल वाढवतात. गच्चीवरची टाकी ओसंडून वाहताना वॉचमनला हाक मारावी लागत असेल, तर तिथे टाकी भरताच पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच हवा. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी ३ किलोवॉटपर्यंत कमाल ७८,००० रुपये आणि सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवले गेले. एक किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. सौर यंत्रणा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक सोय असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देण्याची पुणे महापालिकेची पद्धत अनुकरणीय आहे. संस्थेकडे करआकारणीचा अधिकार असतो, तो असाही वापरता येतो.

घरात सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित बचत छताच्या पंख्यात आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशविना चालणाऱ्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास, वर्षाचे ३०० दिवस फिरणाऱ्या एका पंख्यामागे २०० युनिट वाचतात, आणि उन्हाळा तर आपल्याकडे लांबतच चालला आहे.

गावपातळीवर सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये जाहीर झाले. शंभराच्या आसपास घरांची ही डोंगरातली वाडी. घरांची आणि पथदिव्यांची वीज तिथल्याच पॅनेलवर. एवढ्या लहान वस्तीत ग्रामसभेला सगळे जमतात आणि एकाच बैठकीत निर्णय होतो. मोठ्या गावात तेच काम आळीआळीने करावे लागते. जनावरे असलेल्या घरांना गोबरगॅस आजही उपयोगी आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणून दावणीला दोन गुरे उरलेल्या घराला ते परवडत नाही, आणि बंद पडलेल्या कित्येक संयंत्रांचे कारण हेच असते.

कचरा

ओला कचरा डेपोवर दाबून टाकला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपालिकेने घराच्या दारातच वर्गीकरण करवून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले आणि जुन्या डंपिंगच्या जागी लोक बघायला येतील अशी बाग उभी केली. ही पालिका श्रीमंत नव्हती; फरक एवढाच, की तिथे घंटागाडीवरचा माणूस ओला-सुका कचरा मिसळलेली बादली परत करत असे.

राज्यपातळीवर वरच्या सगळ्याच कामांची गुणवत्ता जोखणारे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर त्याचे गुण बेतलेले आहेत. ऊर्जा अर्थातच अग्नीत येते. मुंबई महापालिकेने २०२४ पासून अर्थसंकल्पाला जोडून हवामान अर्थसंकल्पही काढायला सुरुवात केली. ओस्लो शहराने रूढ केलेल्या या पद्धतीत प्रत्येक खात्याच्या कामांचा खर्च आणि त्यांचा वातावरणाशी असलेला संबंध शेजारी शेजारी मांडला जातो, त्यामुळे पंप बदलण्याची फाईल आणि उत्सर्जनाचा आकडा प्रथमच एका कागदावर येतात.