पोटाचा न संपणारा आजार आणि कोकणातला दवाखाना

कोकणात शौचावाटे रक्त पडू लागलं की पहिला संशय अजूनही मुळव्याधीवर नाहीतर आवेवर जातो. पावसाळ्यात आव घरोघरी व्हायची, त्यावर कुड्याची साल ठरलेली. पुढे मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आल्या आणि चार दिवसांत माणूस कामाला लागू लागला. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारांचं तसं नाही. इथे प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटलेली असते. आजार दबतो, जात नाही.

वैद्यकाला तो नवा नाही. क्रोन्सची ओळख करून देणारा क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या डॉक्टरांचा निबंध १९३२ चा. स्टेरॉइडचा कोलायटिसमधला उपयोग १९५५ च्या चाचणीत सिद्ध झाला. आपल्याकडे मात्र आतड्याचा टीबी आडवा आला. दुर्बिणीतून पाहिलं, तुकडा तपासला, तरी टीबी आणि क्रोन्स कित्येकदा वेगळे ओळखता येत नाहीत. मग आधी टीबीची औषधं, उतार पडला नाही तर क्रोन्सचा विचार. यात रुग्णाचे महिने जातात. पुढे इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन द्यायची वेळ आली की पुन्हा टीबीचीच तपासणी, कारण दडलेला टीबी त्याने उसळू शकतो.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. बाळंतपण, लसीकरण, हिवताप, क्षय अशी कामं त्यांनी अंगावर घेतली. त्यांचं मोल मोठं आहे. रायगडात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून माणसं वाचवली, ती अशाच तुटपुंज्या सोयींत. पण विंचूदंशाचा निकाल एक-दोन दिवसांत लागतो. वीस-तीस वर्षं एकाच रुग्णाचा कागद सांभाळायची सवय या व्यवस्थेला लागलीच नाही. २०१० पासून मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला, आतड्यांचा दाह त्यात नव्हता. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना) मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे. मेसालामाइन या आतड्याचा दाह आवरणाऱ्या औषधाचा महिन्याचा खर्च घरातूनच.

त्यामुळे रस्ते ठरून गेले. चिपळूण-रत्नागिरीकडचे मुंबईला किंवा घाट चढून कोल्हापूरला, सावंतवाडी-दोडामार्गचे गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि फेरतपासणीला जाणं जरा आवाक्यात आलं. बांबोळीला २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा सिंधुदुर्गात अस्वस्थता पसरली ती उगाच नव्हे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली ती त्यानंतर.

मुंबईहून इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन आणायचं तर बर्फाच्या पिशव्यांत, दोन ते आठ अंश सांभाळून. घरी फ्रिज असतो, पण जुलैत लाईट गेली की किती तासांनी येईल याचा भरवसा नसतो.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीची. रक्त थांबतं, भूक लागते, म्हणून माणूस जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी घेत राहतो. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. अचानक थांबवणंही धोक्याचं. हे टाळायला मोठं यंत्र लागत नाही. गोळी कधी, किती उतरवायची हे मोठ्या डॉक्टरांनी मराठीत लिहून द्यावं आणि गावच्या डॉक्टरांना फोन करावा. प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन चालू असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तालुक्यातल्या लॅबमध्येही होते, फक्त तो रिपोर्ट कुणीतरी वेळेवर पाहायला हवा.