हनू, हनुवटी आणि घसा

हनुवटीच्या शस्त्रक्रियेने घोरणं थांबतं का, या विषयाचा घोळ मराठीत शब्दापासूनच सुरू होतो. संस्कृतात हनू म्हणजे जबडा. इंद्राचं वज्र लागलं ते हनूवर, म्हणून तो हनुमान. पणजीत मळा भागातल्या मारुतीच्या जत्रेला जाणाऱ्यांना ही कथा सांगायला नको. हनुवटी म्हणजे मात्र त्याच जबड्याचं पुढचं टोक, संस्कृतातलं चिबुक. त्यामुळे ‘हनुवटी पुढे आणली आणि घोरणं थांबलं’ असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न पडतो तो हा, की नेमकं सरकवलं काय? नुसतं टोक, आख्खा जबडा, की टोकाच्या आतला हाडाचा एक तुकडा? या तीन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत आणि तिन्हींचा श्वासावरचा परिणाम वेगळा.

जिभेला पुढे धरून ठेवणारा मुख्य स्नायू, जीनिओग्लॉसस, हनुवटीच्या मागच्या बाजूला बारीक हाडी उंचवट्यांना चिकटलेला असतो. हा आधार सुटला तर काय होतं, हे अपघात विभागातल्या डॉक्टरांना पुस्तकात वाचावं लागत नाही. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे, शिवाय सावंतवाडी-दोडामार्गकडचेही रुग्ण येतात. दुचाकीवरून पडून एखाद्याची हनुवटी दोन्ही बाजूंनी मोडली, की मधला तुकडा मागे ओढला जातो, उताणं झोपवताच जीभ घशावर येते आणि आधी ती पुढे ओढून धरावी लागते.

सौंदर्यासाठी हनुवटीचं हाड कापून सरकवण्याची कल्पना १९४२ सालची, तीही मृतदेहावर आणि बाहेरून चीर देऊन. तोंडाच्या आतून ती करण्याची पद्धत १९५७ मध्ये आली आणि चेहऱ्यावरचा व्रण टळला. तेव्हा घशाचा विचार होण्याचं कारणच नव्हतं. झोपेत घसा मिटून श्वास अडतो, हे यंत्रांच्या नोंदींसह मांडलं गेलं तेच मुळी १९६५ मध्ये. त्यानंतरही बरीच वर्षं त्यावर गळ्याला भोक पाडण्यापलीकडे खात्रीचा उपाय नव्हता. हवेच्या दाबाचा मास्क आला १९८१ मध्ये.

खरी गुंतागुंत १९८४ पासूनची. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या शल्यचिकित्सकांनी श्वास अडणाऱ्या रुग्णांसाठी हनुवटीच्या हाडाला हात घातला. उद्देश रूपाचा नव्हता, जीभ ताणून धरण्याचा होता. पुढे ही पद्धत आटोपशीर झाली: उंचवट्यांभोवती हाडात चौकोनी खिडकी कापायची, तुकडा स्नायूसकट पुढे ओढायचा, थोडा फिरवून अडकवायचा आणि बाहेर आलेला भाग तासून टाकायचा. चेहरा जवळजवळ तसाच राहतो. आजार तीव्र असेल तर दोन्ही जबडेच सुमारे १० मिलिमीटर पुढे घेतात, आणि भरवशाचा परिणाम दिसतो तो तिथे.

नावं इतकी जवळची असल्याने या शस्त्रक्रियांचं श्रेय सौंदर्याच्या शस्त्रक्रियेलाही आपसूक चिकटलं. सगळा वाद खरं तर काप कुठे घेतला एवढ्याचाच आहे. सौंदर्यासाठीचा काप ओठाला संवेदना देणारी नस आणि सुळ्यांची मुळं वाचवत खालून जातो. उंचवटे कापाच्या वर राहिले, तर हाड पुढे जातं आणि जीभ जागच्या जागी राहते. खालचे स्नायू कंठातलं हाड थोडंफार ओढतात, इतकंच. उंचवटे तुकड्यासोबत आले तर चित्र बदलतं. काही मिलिमीटरांचा हा फरक जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंत दिसत नाही. पुरावा म्हणून पुढे केला जाणारा स्कॅनही जागेपणीचा असतो. जीभ कुठे टेकली, श्वास आत होता की बाहेर, यावर त्यातली पोकळी बदलते. आजार तर झोपेतला. रात्रभराची झोपेची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केलेली नसेल, तर घोरण्याबद्दलचा दावा मला तरी विक्रीचाच भाग वाटतो.

उलट दिशेबद्दल कमी बोललं जातं. पुढे आलेला खालचा जबडा मागे घेतला की घशातली वाट अरुंद होते, हे मोजमापांत दिसलेलं आहे. हनुवटी मागे सरकवली तर तिथले स्नायू सैलावतात. कोरियातून आलेल्या निमुळत्या चेहऱ्याच्या लाटेत हा मुद्दा मागेच पडला. तिकडे चर्चा झाली ती दुसऱ्याच कारणाने: २०१६ मध्ये जबड्याच्या शस्त्रक्रियेतल्या रक्तस्रावाने एक तरुण दगावला आणि शस्त्रक्रियागृहात कॅमेरे बसवण्याचा कायदा २०२३ मध्ये लागू झाला. रक्त जिभेखाली साठलं तर जीभ वर आणि मागे ढकलली जाते, म्हणून हाड कापल्यावरची पहिली रात्र देखरेखीची असते.

सिलिकॉनचं इम्प्लांट हाडाच्या पुढे बसतं. स्नायूंना त्याचा पत्ताच नसतो, तेव्हा श्वासाला फायदा नाही आणि तोटाही नाही. अडचण येते ती वर्षांनंतर, पित्ताशयासारख्या भलत्याच शस्त्रक्रियेच्या वेळी. श्वासनलिकेत नळी घालणं कठीण जाईल का, याचा अंदाज भूलतज्ज्ञ हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतच्या अंतरावरूनही घेतात. ते साधारण तीन बोटं भरलं की हायसं वाटतं. इम्प्लांट असेल तर बोटं भरतात ती सिलिकॉनमुळे. आतला जबडा होता तेवढाच तोकडा असतो.