अंगणातली आगगाडी आणि न आकसणारा पाऊस

विलेपार्ल्यात आमच्या जुन्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत, 22 फूट लांब आणि 9 फूट रुंद अशी जमिनीची पट्टी आहे. तिथे एक कढीपत्ता आहे, एक जास्वंद आहे, आणि गेली चार वर्षं पितळी रुळांचा साडेपंधरा मीटरचा एक बंद फेरा आहे. मुंबईत एवढी माती पायाखाली असणं हेच भाग्य. या चार वर्षांत गाडी चालवण्यापेक्षा जास्त वेळ मी ती का थांबली, का घसरली हे शोधण्यात घालवला, आणि त्यातला प्रत्येक तास मला हवाहवासा वाटला. कारण उत्तर शोधताना दरवेळी एकाच प्रश्नाशी यावं लागलं: गाडी 22 पट लहान केली, पण तिच्याबरोबर काय काय लहान झालं?

आधी गेजबद्दल. बागेतल्या गाड्यांसाठी रुळांमधलं सर्वात रुळलेलं अंतर 45 मिलिमीटर आहे. जर्मनीतल्या लेहमान कंपनीने 1968 मध्ये ‘एलजीबी’ नावाने या मापाच्या, उघड्यावर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि हा छंद जगभर पसरला. त्यांचं प्रमाण 1:22.5. मीटर गेजचे 1000 मिलिमीटर भागिले 22.5 म्हणजे साधारण 45, असा तो हिशोब. पण 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी मीटर गेजची नव्हती. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा, त्यामुळे 45 मिलिमीटरच्या रुळांवर मुंबईची लोकल बसवायची तर प्रमाण 1:37 धरावं लागतं. लोकलचा सुमारे 20 मीटरचा डबा मग 54 सेंटिमीटरचा होतो, आणि बारा डब्यांची गाडी साडेसहा मीटरची, म्हणजे आमच्या पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिचे तीनच डबे केले; माझी नेहमीची गाडी 1:22.5 चीच आहे, आणि पुढचे हिशोब तिचे. ज्यांना 1907 ची माथेरानची गाडी हवी आहे त्यांचं काम सोपं आहे: ती 610 मिलिमीटरची, म्हणून 32 मिलिमीटरच्या रुळांवर 1:19 ने नेमकी बसते.

खरी गंमत वळणावर सुरू होते. आगगाडीची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, मोटारीसारखी वेगवेगळी फिरू शकत नाहीत. वळणावर बाहेरचा रूळ लांब, आतला आखूड. फरक किती? पूर्ण वर्तुळ घेतलं तर 2π (पाय, म्हणजे साधारण 3.14) गुणिले गेज. त्रिज्या या सूत्रात येतच नाही! 45 मिलिमीटरच्या रुळांवर बाहेरचा रूळ 28 सेंटिमीटर लांब, मग वर्तुळ ताटाएवढं असो की शिवाजी पार्कएवढं. ब्रॉडगेजवर हाच फरक साडेदहा मीटर.

हा फरक भरून काढण्यासाठी चाकाची कड सपाट नसते, किंचित उतरती असते. चाक म्हणजे कापलेला शंकू. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला सरकली की बाहेरचं चाक जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर चालतं, आणि एकाच फेऱ्यात बाहेरचं जास्त अंतर कापतं. माझी चाकं 31 मिलिमीटर व्यासाची आहेत. पहिल्या वर्षी खेळण्याच्या संचातली 60 सेंटिमीटर त्रिज्येची वळणं लावली होती. तिथे दोन चाकांच्या त्रिज्येत 1.16 मिलिमीटरचा फरक हवा, आणि एवढ्याशा शंकूला तो देता येत नाही. मग चाक घासतं, किंचाळतं, आणि पितळेचा काळा भुगा रुळालगत साचतो. 1.2 मीटरची वळणं केल्यावर गरज निम्म्यावर आली आणि किंचाळणं बरंच कमी झालं. जागा असेल तेवढं मोठं वळण घ्यावं, हे मी कुणालाही पहिल्यांदा सांगतो.

उलट वेगाच्या बाबतीत लहान असण्याचा फायदा मिळतो. ताशी 60 किलोमीटरने जाणारी खरी गाडी 27 मीटर त्रिज्येच्या वळणावर घातली तर तिला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनापेक्षाही जास्त होईल, ती उलटेल. माझी गाडी तेच दृश्य 22.5 पट लहान करून दाखवते: 1.2 मीटरचं वळण, सेकंदाला 74 सेंटिमीटर वेग. हा जोर वेगाच्या वर्गावर आणि त्रिज्येच्या व्यस्तावर ठरतो, म्हणून दोन्ही एकाच पटीने कमी केले की तोही 22.5 पट कमी होतो. गुरुत्वाकर्षण मात्र आहे तेवढंच राहतं. म्हणून गाडी निवांत वळते.

आता जे लहान होत नाही त्याकडे. पाऊस. मोठा थेंब 5 मिलिमीटरचा असतो. माझ्या गाडीच्या मापाने तो 11 सेंटिमीटरचा, सोललेल्या नारळाएवढा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. या गाडीच्या जगात तो 21 मीटर होईल. एवढं पाणी झेलायचं तर रुळाखालचा थर शोभेचा ठेवून चालत नाही. मी वीतभर खोल चर खणला, तळाला भिंतीपासून गटाराकडे उतार दिला, जिओटेक्सटाइलचं कापड अंथरलं, त्यावर खडी आणि सगळ्यात वर कच घातली. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत खालचा चिखल खडीत चढतो आणि पाणी जिरायचं थांबतं. कच मात्र फोडलेल्या दगडाचीच हवी. नदीतले गोल गोटे कितीही सुंदर दिसले तरी एकमेकांवरून घरंगळतात; फोडलेल्या काळ्या पाषाणाच्या कडा एकमेकींत अडकतात आणि स्लीपरला धरून ठेवतात. रेल्वेच्या खडीचा सर्वात मोठा दगड 65 मिलिमीटरच्या आसपास असतो, मापाने तो 3 मिलिमीटरचा होतो. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणारी बारीक कच चाळून घेतली की हे माप घरबसल्या जुळतं, आणि दगडही तोच, दख्खनचा बेसाल्ट.

ऊनही आकसत नाही. पितळ दर अंशाला, दर मीटरमागे 19 मायक्रोमीटर वाढतं. पहाटेच्या 20 अंशांपासून उन्हात तापलेल्या 55 अंशांपर्यंत माझा 4 मीटरचा सरळ रूळ 2.7 मिलिमीटरने लांब होतो. एवढंसं वाटतं ना? पण दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की केली, तर ही वाढ बाजूला कमान होऊन बाहेर पडते, आणि भूमितीप्रमाणे त्या कमानीचा मध्य 6 सेंटिमीटर सरकतो. पहिल्या उन्हाळ्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं: दुपारी जेवून आलो तर रूळ नागमोडी. तेव्हापासून रूळ जमिनीला ठोकायचे नाहीत, खडीवर नुसते पहुडू द्यायचे, सांध्यात फट ठेवायची. खऱ्या रेल्वेतही हाच ताण असतो, फक्त उलट ऋतूतही जाणवतो. थंडीच्या पहाटे रूळ आकसून तडा गेल्याने लोकल खोळंबल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, त्यामागे हेच गणित आहे.

समुद्राची खारी हवा जुहूवरून सरळ येते. इंजिनाला वीज रुळांतून मिळते, आणि पितळावर चढणारा ऑक्साइडचा पापुद्रा विजेला अडवतो. मल्टिमीटर लावला तेव्हा जोडणीपाशी 18 व्होल्ट होते, आणि फेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, गाडी चालत असताना, 14. चोर रूळ नव्हते, सांधे होते. प्रत्येक सांध्यावर तांब्याच्या तारेचा तुकडा झाळला आणि फरक जवळजवळ मिटला. ज्यांना हे नको असेल त्यांनी डब्यात लिथियम बॅटरी ठेवून रिमोटने गाडी चालवावी. रूळ घासण्याचं काम संपतं.

सर्वात जास्त दिवस मला छळलं ते कढीपत्त्याजवळच्या एका जागेने. इंजिन दर तीनचार फेऱ्यांनी तिथेच उतरायचं. मी चाकांमधलं आतलं अंतर मोजलं, बरोबर 40 मिलिमीटर. वळणाच्या सांध्यावर बोट फिरवलं, गुळगुळीत. शेवटी शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या मिस्त्रींनी, “दादा, पाणसळ आडवी ठेवा बरं,” म्हटलं. रुळांवर आडवी ठेवली तर बुडबुडा सरळ कडेला. एक रूळ 2 मिलिमीटर खाली होता, आणि जेमतेम वीतभर पुढे दोन्ही पुन्हा समतल. तीन पायांचं स्टूल कुठेही टेकतं, चार पायांचं डुगडुगतं. चार चाकांचं ताठ इंजिन अशा पिळलेल्या रुळावर तीन चाकांवरच उभं राहतं, चौथं हवेत, आणि चाकाला रुळावर धरून ठेवणारी आतली धार जेमतेम 3 मिलिमीटर. जरा वळण आलं की ती रुळावर चढते. आणि पीळ का पडला? वर पाहिलं तेव्हा कळलं. छपराच्या पत्र्याची कड बरोबर त्या रुळाच्या डोक्यावर होती. पागोळ्यांनी एकाच रेघेत खालची कच धुऊन नेली होती. छपराला पन्हाळी लावली, कच भरून ठोकली, त्यानंतर तिथे गाडी एकदाही उतरलेली नाही.

आता दर दसऱ्याला, पावसाने पाठ फिरवली की, मी एक चाचणी करतो. उघड्या सपाट वाघिणीवर स्टीलची वाटी ठेवतो, काठोकाठ पाणी भरतो आणि सर्वात कमी वेगात एक फेरा फिरवतो. रूळ जिथे पिळलेला, खचलेला किंवा सांध्यात उंचसखल असेल तिथे पाणी हिंदकळतं आणि बेसाल्टच्या कचेवर काळा ओला डाग पडतो. डाग वाळायच्या आत प्रत्येकाशी एकेक खडू ठेवायचा, मग पाणसळ घेऊन गुडघ्यांवर बसायचं. यंदा चार खडू लागले.