बारावीनंतरची तयारी दहावीपासून: दिव्यांग मुलामुलींसाठी दाखले, सवलती आणि अर्जांचा क्रम

"मॅडम, कॉलेज-पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायला दोन दिवस उरलेत आणि दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटची मुदत मार्चमध्येच संपलीय." मी विशेष शिक्षिका आहे. असा फोन मला दर पावसाळ्यात एकदा तरी येतोच. त्या दोन दिवसांत कुणालाच काही करता येत नाही. मूल हुशार असतं, मार्क असतात, राखीव जागाही असते, अडतं ते एका तारखेवर. म्हणून या लेखात योजनांची यादी कमी आहे आणि कोणता कागद कधी काढायचा, हे जास्त आहे.

आधी यूडीआयडी, मग बाकी सगळं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मानसिक आजार हेही त्यात येतात. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलांच्या घरी हे अनेकदा ठाऊकच नसतं. आरक्षण आणि बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगांचं ओळखपत्र, आता केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं. जून २०२१ पासून हाताने लिहिलेली प्रमाणपत्रं देणं बंद झालं आहे. अर्जाला लागतं ते थोडकंच: अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते जुने वैद्यकीय कागद. अर्ज करतानाच रुग्णालय निवडायचं असतं. नावनोंदणी क्रमांक मिळाला की त्या रुग्णालयात तपासणीला जायचं. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत दिव्यांग बोर्डाचे, म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे, वार ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रकारचा तज्ज्ञ रोज नसतो. कानाची तपासणी असेल तर ऑडिओमेट्रीचं यंत्र चालू आहे का, हे आधी फोन करून विचारा. दीडशे किलोमीटर एसटीने येऊन "मशीन बंद आहे" हे ऐकून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. त्यांनुसार अर्जानंतर तीन महिन्यांत प्रमाणपत्र द्यायचं आहे. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: दोन वर्षं तुम्ही तपासणीला गेलाच नाहीत, तर अर्ज आपोआप रद्द होतो. कार्डाचे रंगही ठरले आहेत. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या मधे पिवळं, ८० आणि त्यावर निळं. पांढरं कार्ड मिळालं म्हणून फेकून देऊ नका, त्याचा उपयोग पुढे सांगते.

टपालाने येणाऱ्या प्लास्टिकच्या कार्डाची वाट बघत बसायचं कारण नाही. पोर्टलवरून प्रमाणपत्र आणि ई-कार्ड उतरवून घेता येतं, ते चालतं.

मुदतीचा घोळ

पालक टक्केवारी बघतात, मुदत बघत नाहीत. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने घ्यावं लागतं. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरेचं, आठव्या वर्षानंतरच मिळतं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. अठराव्या वर्षी मिळालेलं मात्र आयुष्यभर चालतं.

आता हिशोब मांडा. अठरावं वर्ष नेमकं कधी येतं? बारावीच्या आगेमागे. म्हणजे सीईटी, प्रवेश फेऱ्या आणि पुनर्तपासणी हे सगळं एकाच उन्हाळ्यात येऊन आदळतं. मुलीचा वाढदिवस फेब्रुवारीत असेल तर मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, एप्रिलमध्ये सीईटी, आणि त्यात रुग्णालयाच्या फेऱ्या. यावर उपाय एकच: अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रमाणपत्र बाहेर काढून "कधीपर्यंत वैध" ही ओळ वाचायची आणि मुदत प्रवेशाच्या मोसमात संपत असेल तर नूतनीकरणाची चौकशी तेव्हाच सुरू करायची.

त्याच बैठकीत नावंही जुळवा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका आणि यूडीआयडी असे चार कागद शेजारी ठेवायचे. एका वैष्णवीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त पडला होता, आधारवर होता आणि गुणपत्रिकेवर नव्हता. शिष्यवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला तो तेवढ्या एका अक्षरापायी. दुरुस्ती दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणं सोपं, कारण आधार बदलतं, बोर्डाचं रेकॉर्ड सहजी बदलत नाही.

परीक्षेतल्या सवलती: बोर्डाला एक अर्ज, सीईटीला दुसरा

बोर्डाच्या परीक्षेतली सवलत शाळा-महाविद्यालयामार्फत विभागीय मंडळाकडून मंजूर होते. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते लिहिणारा, हवा असेल तर तो खालच्या इयत्तेतला शोधावा लागतो आणि त्याच्या शाळेचा दाखला लागतो. एक बदली लेखनिकही तयार ठेवा. ऐन पेपरच्या सकाळी तापाने फणफणलेला अकरावीतला पोरगा आणि खुर्चीत हतबल बसलेला परीक्षार्थी, हे दृश्य मी विसरलेले नाही.

बोर्डाची मंजुरी सीईटी, जेईई किंवा नीटला लागू होते असं अनेकांना वाटतं. ती होत नाही. त्या प्रत्येक परीक्षेच्या ऑनलाइन अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना आणि लेखनिकाचा रकाना वेगवेगळा असतो. लेखनिकाचा रकाना रिकामा राहिला तर केंद्रावर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही.

आणि आता ते पांढरं कार्ड. दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे पण लिहायला खरोखर अडचण आहे, अशांना लेखनिक नाकारला जायचा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ही अट चुकीची ठरवली. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशा परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यासाठी लिहिण्यात अडचण असल्याचं सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आरक्षण मिळणार नाही, पण वेळ आणि लेखनिक मिळू शकतो.

प्रवेश

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी ठेवणं २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम ३२ नुसार बंधनकारक आहे, आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे. हे आरक्षण समांतर असतं. म्हणजे मुलगा ओबीसी असेल तर दिव्यांग कोट्यातून अर्ज केला म्हणून जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर सोडून द्यायचे नाहीत, तेही जोडायचे. अधिवास प्रमाणपत्रही काढून ठेवा.

वैद्यकीय प्रवेशाची गोष्ट वेगळी. नीटच्या दिव्यांग कोट्यासाठी ठरवून दिलेल्या केंद्रांवर वेगळी तपासणी होते. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था हे त्यातलं जुनं केंद्र. तिथे नुसती टक्केवारी मोजून काम संपत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निव्वळ ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व आहे म्हणून एमबीबीएस नाकारता येणार नाही, अभ्यासक्रम पुरा करण्याची क्षमता तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने पाहिली पाहिजे. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलं होतं. तेव्हा वैद्यकीय बोर्डापुढे जाताना मूल काय करू शकतं याचे पुरावे न्या: प्रयोगशाळेतलं काम, वापरत असलेली साधनं, शिक्षकांचं पत्र.

सगळ्यांनाच पदवी हवी असते असं नाही, आणि ते बरंच आहे. आयटीआय, पदविका, मुक्त विद्यालय हे मार्ग उघडे असतात. मूल नेमकं कोणत्या कामाला योग्य, हे जोखून घ्यायचं असेल तर दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र मुंबईत आहे. महाविद्यालय निवडताना मात्र दर्जा सांगणारी नॅकची श्रेणी बघण्याआधी शौचालय बघा. व्हीलचेअर आत वळते का? लिफ्ट चालू आहे, की तिच्यात जुनी बाकं रचून ठेवलीयत? दृष्टिबाधित मुलांच्या पालकांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांचं संसाधन केंद्र एकदा बघून यावं. काय मागायचं असतं हे तिथे कळतं.

पैसे

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अकरावीपासून पुढे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर 'टॉप क्लास' योजना, तिथे मर्यादा आठ लाख. अभियांत्रिकीसारख्या तांत्रिक पदवी किंवा पदविकेला एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची सक्षम शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार देते, तिथेही उत्पन्न आठ लाखांपर्यंत. राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहे. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत, म्हणून अर्जाआधी बेरीज-वजाबाकी करा. आयआयटीत दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असतं, हेही त्या हिशोबात धरा.

तहसीलदारांचा एक वर्षाचा उत्पन्न दाखला साधारणपणे ३१ मार्चला संपतो. मार्चमध्ये घाईने काढलेला दाखला जुलैमध्ये कुचकामी ठरतो. एप्रिल उजाडल्यावर काढा. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावावर असावं आणि आधार नुसतं 'लिंक' नाही तर 'सीड' झालेलं असावं. लिंक म्हणजे बँकेकडे तुमचा आधार क्रमांक आहे. सीड म्हणजे सरकारी पैसे नेमके त्या खात्यात उतरतील अशी नोंद एनपीसीआय या बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. पासबुकावर आधार छापून येतं म्हणून पालक निश्चिंत असतात आणि पैसे तिसऱ्याच, चौथीत उघडलेल्या खात्यात जाऊन पडतात.

जुनी करप्रणाली निवडलेल्या पालकांना कलम ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

अठरा पूर्ण झाल्यावर

अठराव्या वाढदिवसाला आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली पालक नेमून घेता येतो. अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, शिवाय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग सदस्य असतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा, अर्जदाराचे ओळख व पत्त्याचे पुरावे, फोटो हे मुख्य कागद. मदतीला जिल्ह्यातली न्यासाकडे नोंदलेली संस्था गाठा, तिथल्या लोकांना समितीची बैठक कधी असते ते माहीत असतं. याच चार गटांसाठी न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची.

पण हे सगळ्यांनी करायचं नाही. अंध, कर्णबधिर किंवा व्हीलचेअरवरच्या सज्ञान मुलाला पालक लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १३ नुसार स्वतःचे पैसे स्वतः सांभाळण्याचा हक्क त्याचाच आहे. माझी एक विद्यार्थिनी, सेरेब्रल पाल्सी, बारावीला ७८ टक्के. शिष्यवृत्तीसाठी खातं उघडायला गेली तेव्हा सही दर वेळी वेगळी येते म्हणून काउंटरवरून आईला सांगितलं गेलं, "गार्डियनशिप घेऊन या." आई अर्ज आणायला निघालीसुद्धा होती. मुलीने तिला थांबवलं आणि शाखाधिकाऱ्यांना मोबाइलवर टाइप करून अर्ज दाखवला: मला अंगठ्यावर खातं हवं आहे, कलम १३ पाहावं. तीन आठवडे गेले, दोन हेलपाटे झाले. खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे.