कॉमियस

कॉमियस : (इ. स. पू. पहिले शतक). उत्तर गॉलमधील (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स व बेल्जियम) अट्रेबेट्स या बेल्जिक टोळीचा राजा. या टोळीचा मुलूख आजच्या फ्रान्समधील आरास शहराच्या आसपास होता. शहराचे नाव तिच्यावरूनच पडले. कॉमियसला गादीवर बसवले ज्युलियस सीझरने, त्याला मुत्सद्दी म्हणून पुढे केले सीझरनेच, आणि शेवटी त्याच्या मागे घोडदळ लागले तेही सीझरचेच. रोमविरुद्धच्या गॉल बंडाचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स याच्या वाट्याला आली तशी कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही. तरी रोमनांनी नेमलेल्या स्थानिक राजाची कोंडी कशी होत असे, हे त्याच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके व्हर्सिंजेटोरिक्सच्या चरित्रात दिसत नाही.

इ. स. पू. ५७ मध्ये साबिस नदीकाठी नर्व्ही, व्हिरोमांडुई आणि अट्रेबेट्स या टोळ्यांनी रोमन सैन्य छावणी उभारण्यात गुंतलेले असताना अचानक हल्ला केला. अट्रेबेट्सची गाठ नवव्या व दहाव्या लीजनशी (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणींशी) पडली. धावत आल्याने त्यांना धाप लागली होती. रोमनांनी त्यांना उतारावरून खाली नदीपार रेटले. लढाई हातची जाता जाता सीझरने जिंकली आणि त्यानंतर कॉमियसला या टोळीचा राजा नेमले. त्याचे शौर्य आणि समज सीझरला पसंत होती आणि समुद्रापलीकडे ब्रिटनमध्येही त्याच्या शब्दाला वजन होते. त्याची नेमणूक उपयोगी ठरली ती मुख्यतः या दुसऱ्या कारणासाठी.

इ. स. पू. ५५ मध्ये ब्रिटनवर स्वारी करण्यापूर्वी सीझरने त्याला पुढे पाठवले. तिथल्या टोळ्यांनी रोमशी मैत्री करावी, हा निरोप घेऊन तो उतरला आणि उतरताच बेड्यांत पडला. रोमन सैन्याने किनाऱ्यावरची लढाई जिंकल्यावर ब्रिटनांनी त्याला सोडले आणि दोष अडाणी जमावावर ढकलला. त्याच्याबरोबर जेमतेम तीस स्वार होते. सीझरचे स्वतःचे घोडदळ वादळामुळे पोहोचलेच नसल्याने पुढच्या चकमकीत त्याच्या हाताशी स्वार होते ते हे तीसच. पुढच्या वर्षी कॅसिव्हेलॉनस या ब्रिटिश राजाने शरणागतीची बोलणी केली, तीही कॉमियसमार्फतच. या सेवेबद्दल अट्रेबेट्सना कर माफ झाला, त्यांचे कायदे त्यांना परत मिळाले आणि शेजारची मोरिनी टोळी कॉमियसच्या हाताखाली देण्यात आली. इ. स. पू. ५३ मध्ये मेनापी टोळीवर नजर ठेवण्यासाठी सीझरने त्यालाच घोडदळासह मागे ठेवले.

इ. स. पू. ५२ मध्ये गॉल पेटले आणि कॉमियस बंडखोरांना मिळाला. अलेसिया या गॉलमधील तटबंदीच्या गावात सीझरने कोंडलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या सुटकेसाठी जमलेल्या प्रचंड फौजेच्या चार सेनापतींत त्याचे नाव आहे. सीझरच्या मते ही फौज ८ हजार स्वार आणि सुमारे २ लाख ४० हजार पायदळाची होती. हा आकडा आजचे अभ्यासक जसाच्या तसा मानत नाहीत. बेलोव्हासी ही टोळी आपले युद्ध आपण लढू म्हणून अडून बसली होती. त्यांनी २ हजार माणसे धाडली ती केवळ कॉमियसशी असलेल्या जुन्या पाहुणचाराच्या नात्याखातर.

गॉलच्या युद्धावरील आपल्या ग्रंथात सीझर या ठिकाणी म्हणतो की गॉलच्या स्वातंत्र्याची ओढ इतकी जबर होती की उपकार आणि मैत्री यांची कोणालाच आठवण राहिली नाही. वाक्य उदार वाटते, मात्र त्यात एक गोष्ट गाळलेली आहे. ती सीझरच्या ग्रंथाचा शेवटचा भाग लिहिणाऱ्या हिर्टियसने सांगितली. अलेसियाच्या वेढ्याआधीच, सीझर आल्प्सच्या अलीकडच्या प्रांतात न्यायनिवाड्यात असताना, कॉमियस टोळ्यांना चिथावतो आहे अशी खबर लॅबिएनस या सेनाधिकाऱ्याला लागली. असल्या माणसाला दग्याने मारण्यात विश्वासघात नाही, असे त्याने ठरवले. व्होलुसेनस नावाच्या अधिकाऱ्याला निवडक सेंच्युरियन (तुकडीचे नायक) देऊन बोलणीच्या निमित्ताने पाठवले. ठरल्याप्रमाणे व्होलुसेनसने कॉमियसचा हात हाती घेतला आणि एका सेंच्युरियनने तलवार चालवली. घाव डोक्यावर बसला, पण जीव गेला नाही. दोन्हीकडच्या तलवारी उपसल्या गेल्या, तरी लढण्यापेक्षा पळण्याकडेच सर्वांचे लक्ष होते. त्यानंतर कॉमियसने शपथ घेतली की पुन्हा कोणत्याही रोमनाच्या दृष्टीस पडायचे नाही.

त्याने आधी फितुरी केली की आधी त्याच्यावर वार झाला, याचा एकतर्फी निकाल देणे कठीण आहे, कारण खबर, कट आणि समर्थन हे सगळे रोमन बाजूनेच आले आहे. तरीही अलेसियाच्या वृत्तांतात कृतघ्नतेचा ठपका ठेवताना हा प्रसंग वगळणे हा काही विसरभोळेपणा नव्हे.

अलेसिया पडल्यावरही तो थांबला नाही. इ. स. पू. ५१ मध्ये त्याने बेलोव्हासींचा नायक कोरियस याच्याशी हातमिळवणी केली आणि जर्मनांकडून सुमारे पाचशे स्वार आणले. कोंडी होणार असे दिसताच बेलोव्हासींनी बसायला घेतलेल्या गवताच्या पेंढ्या आणि काटक्या आपल्या फळीपुढे ओळीने रचल्या आणि संध्याकाळी एकदम पेटवल्या. त्या धुराआड अख्खी फौज निसटली. पुढे कोरियस लढताना मारला गेला, टोळीने सगळे खापर त्या मेलेल्या माणसावर फोडले आणि ओलीस दिले. कॉमियस जर्मनांकडे गेला. हिवाळ्यात तो परतला आणि रोमन छावण्यांकडे जाणारी रसद लुटू लागला.

सीझरचा सेनाधिकारी मार्क अँटनी याने त्याच्या मागे धाडला तो व्होलुसेनसच. एका चकमकीत पळता पळता कॉमियसने एकाएकी घोडा वळवला, सरळ व्होलुसेनसवर घातला आणि भाल्याने त्याची मांडी आरपार भोसकली. स्वतः घोड्याच्या वेगावर वाचला. मग मात्र त्याने अँटनीकडे ओलीस पाठवून तडजोड केली. अट एकच : कोणत्याही रोमनासमोर येण्याची सक्ती नको. अँटनीने ती मान्य केली.

त्याच्या ब्रिटनकडील पलायनाची हकिकत फ्राँटिनस या रोमन लेखकाने युद्धातील क्लृप्त्यांच्या संग्रहात दिली आहे. ओहोटीमुळे गलबते वाळूत रुतली होती, वारा मात्र अनुकूल होता. त्याने तशीच शिडे उभारायला लावली. फुगलेली शिडे लांबून पाहून सीझरला वाटले, गडी निसटला, आणि तो माघारी वळला. गोष्ट चटकदार आहे. तडजोडीच्या वृत्तांताशी तिचा मेळ घालणे अभ्यासकांना जड गेले आहे.

पुढचा पुरावा नाण्यांचा. दक्षिण इंग्लंडमध्ये कॉमियसच्या नावाची सोन्याची नाणी सापडतात. ग्रंथांत न आलेली त्याची ब्रिटनमधील सत्ता त्यांवरून कळते. टिंकोमारस, एपिलस आणि व्हेरिका हे नंतरचे तीन राजे आपल्या नाण्यांवर स्वतःला ‘कॉमियसचा पुत्र’ म्हणवतात. व्हेरिकाचा काळ अनेक दशकांनी पुढचा असल्याने हे पुत्रत्व शब्दशः घ्यावे की घराण्याचा दाखला म्हणून, असा प्रश्न उरतो. कॉमियस नावाचे दोन राजे झाले असावेत, असेही काही अभ्यासक सुचवतात. एपिलसच्या नाण्यांवर ‘रेक्स’, म्हणजे राजा, ही लॅटिन पदवी आणि कॅलेवा या राजधानीचे नाव आहे. हॅम्पशरमधील सिलचेस्टर येथे कॅलेवाचे उत्खनन झाले असून रोमन विजयापूर्वीच्या थरांत आयात केलेल्या ऑलिव्हची बीसुद्धा मिळाली आहे. इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसने ब्रिटनवर स्वारी केली, तेव्हा तिला निमित्त झाला तो रोमकडे दाद मागायला गेलेला एक पदच्युत राजा. तो व्हेरिकाच असावा, असे सामान्यतः मानतात.