पार्श्वभूमी: शॉर्ट शिफ्टर आणि ‘वरून कापा की खालून वाढवा’ हा जुना वाद

गिअर बदलताना लिवरची मूठ जेवढी फिरते तो ‘थ्रो’, आणि तो कमी करणारा लिवर किंवा किट म्हणजे शॉर्ट शिफ्टर. नाशिकमध्ये त्याची विचारणा होते ती मोजक्याच गाड्यांसाठी. जुनी ऑक्टाव्हिया आरएस, लॉरा आरएस, पुंटो अबार्थ, 2020 नंतरची मॅन्युअल पोलो टीएसआय आणि अलीकडे सहा गिअरची आय20 एन लाइन. कोणी बाहेरून किट मागवतो, तर कोणी अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर लिवरच हातात घेऊन उभा राहतो. दोघांची मागणी एकच असते: थ्रो तीस-चाळीस टक्के कमी करा. तो लिवर मुठीकडून कापून कमी करायचा की खालचं टोक वाढवून, यावर मात्र गॅरेजागणिक मत वेगळं. या मतभेदाचं मूळ लिंकेजमध्ये, म्हणजे लिवर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांगाड्यात आहे आणि आपल्याकडच्या गाड्यांचं लिंकेज चार दशकांत दोनदा पार बदललं.

आधीचा इतिहास थोडक्यात आटपतो. अमेरिकेत 1960 च्या दशकात स्टिअरिंगवरची दांडी काढून जमिनीवर लिवर बसवायची किट्स विकली जात होती, आणि बीटलवाले लिवरच्या बैठकीखाली जाड पट्टी घालून थ्रो कमी करत होते. 1989 मध्ये आलेली माझदा मिआटा आणि 1999 ची होंडा एस2000 यांनी कारखान्यातूनच इतका आखूड आणि ठाम शिफ्ट दिला की पुढे प्रत्येक किटची तुलना त्यांच्याशी होऊ लागली. या दोन्ही गाड्यांत लिवर थेट गिअरबॉक्सवर बसतो. मध्ये रॉड नाही, केबल नाही. बाकीच्या गाड्यांत ती मजा आणायला निघालेले लोक हा फरक विसरतात आणि किटला दोष देतात.

आपल्याकडे पद्मिनी आणि अॅम्बॅसेडर या दोन्ही स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या गाड्या. अॅम्बॅसेडरला 1990 च्या दशकात इसुझूचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, तेव्हा लिवर जमिनीवर आला. त्या गाड्यांत थ्रो कमी करणं हा विषयच नव्हता. लिंकेजच्या ढिल्या झालेल्या सांध्यांत दुसरा गिअर सापडला तरी खूप होतं.

खरा बदल डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 ने केला. इंजिन आडवं, गिअरबॉक्स पुढे, आणि लिवरपासून तिथपर्यंत लोखंडी रॉड. रॉड दोन: एक गिअर बदलतो, दुसरा लिवरची बैठक गिअरबॉक्सशी बांधून ठेवतो. म्हणून या गाड्यांत इंजिन माउंटवर हललं की लिवरही हातात हलतो. झेन आणि एस्टीम याच घरातल्या. 1998 ची होंडा सिटी रॉडचीच, आणि तिचं 1.5 व्हीटेक इंजिन आल्यावर तर ती रॅलीवाल्यांची लाडकी झाली. राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या नाशिक परिसरात होत असल्याने या गाड्यांवरचं काम इथल्या फिटरांच्या डोळ्यांसमोर होत आलं. शॉर्ट शिफ्टरचा नाशिकमधला पहिला धडा रॉडच्या गाड्यांवरचा आहे आणि आजही अनेकांचं गणित तिथेच अडकलंय.

ते गणित असं. लिवर एका टेकूवर फिरतो. टेकूच्या वरची लांबी भागिले खालची लांबी, हे त्याचं प्रमाण. समजा वर 240 मिमी आणि खाली 40 मिमी आहे. प्रमाण 6. खालचं टोक 10 मिमी सरकायला हवं असेल तर वरची मूठ 60 मिमी फिरते. आता वरून 50 मिमी कापले, तर 190 भागिले 40, म्हणजे 4.75. मूठ 47.5 मिमी फिरेल. साधारण 21 टक्के घट. त्याऐवजी वरचं टोक आणि खालचं टोक आहे तिथेच ठेवून टेकू 10 मिमी वर नेला, तर 230 भागिले 50, म्हणजे 4.6. मूठ 46 मिमी. 23 टक्के घट. वरून पाच सेंटीमीटर कापून जे मिळतं, त्याहून थोडं जास्तच खाली एका सेंटीमीटरमध्ये मिळतं. पहारीखाली दगड कुठे सरकवला यावर जसं सगळं अवलंबून, तसंच हे.

फुकट मात्र काही मिळत नाही. थ्रो 21 टक्के कमी झाला की हाताला लागणारा जोर 26 टक्के वाढतो. 23 टक्क्यांना 30. आणि किटच्या खोक्यावर छापलेले 40 टक्के खरेच मिळाले, तर जोर जवळजवळ 67 टक्क्यांनी वाढलेला असतो. खोक्यावर हा दुसरा आकडा कधी छापलेला नसतो.

वरून कापणाऱ्यांचा मुद्दा असा की खाली हात लावला नाही, म्हणजे काही बिघडायला जागा नाही. गाडीखाली जावं लागत नाही, हॅकसॉने कापायचं, डाय मारून नवे आटे पाडायचे (होंडात 10 मिमी, 1.5 पिच), मूठ बसवायची. अर्ध्या तासाचं काम. खर्च म्हणाल तर चहापाण्याचा. पण मूठ 5 सेंटीमीटर खाली जाते, म्हणजे स्टिअरिंगपासून तेवढीच लांब. कसाऱ्याच्या चढावर ट्रकच्या मागे दुसरा-तिसरा-दुसरा करत जाताना हात प्रत्येक वेळी खाली न्यावा लागतो. रॅलीवाल्यांना हे मान्यच नव्हतं. त्यांना मूठ स्टिअरिंगच्या जवळ हवी, थ्रो आखूड हवा, म्हणून त्यांची निवड कायम खालची.

खालून वाढवण्यात दोन पद्धती पडल्या आणि त्यातली स्वस्त पद्धत वाईट ठरली. टेकूची बैठक न हलवता लिवरच्या खालच्या टोकाला तुकडा वेल्ड करायचा, ही ती पद्धत. टोक जितकं खाली गेलं तितकाच शिफ्ट रॉडही खाली लोंबतो. होंडात तो सायलेन्सरच्या हीट शिल्डला घासतो. आधी फक्त विशिष्ट गिअरमध्ये टणटण आवाज, मग शिल्ड वाकतं, मग गतिरोधकावर रॉडलाच फटका. शिवाय वेल्डच्या शेजारी उष्णतेने कडक झालेल्या पट्ट्यात चीर जाते. ती दिसत नाही. जोराने दुसरा टाकताना एक दिवस तुकडा हातात येतो. दुसरी पद्धत म्हणजे ईएन8 (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या सळीतून अख्खा लिवर लेथवर काढायचा, टेकूचा गोळा नव्या उंचीवर, आणि तितक्याच जाडीचा स्पेसर बैठकीखाली. गोळा आणि नायलॉनची वाटी यांत जेमतेम 0.1 मिमीची फट ठेवायची. जास्त ठेवली तर कमी केलेला थ्रो ढिलेपणाने परत मिळवून दिला असं होतं. हे काम अंबडमध्ये सहज होतं. सुट्या भागांची गुंतागुंतीची कामं रोज करणाऱ्या लेथवाल्याला त्यात नवल काही नाही, फक्त ड्रॉइंग नीट द्यावं लागतं. नुसतं ‘थोडा छोटा करून द्या’ म्हटलं की थोडा छोटाच मिळतो.

होंडाच्या रॉडचं काम करताना सगळा वेळ खातो तो 8 मिमीचा स्प्रिंग पिन. रॉडचं पुढचं टोक गिअरबॉक्सला तोच पकडून ठेवतो. पाऊस आणि चिखल खाऊन तो गंजलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, बरोबर मापाचा पंच घ्यायचा आणि खालून सरळ ठोकायचं. लहान पंच आत रुतला की पिन फुलतो आणि मग ड्रिल. पिन नेहमी नवाच घालायचा.

केबलच्या गाड्या आल्यावर हा सगळा वाद संपायला हवा होता. संपला नाही, जागा बदलली. 2001 मध्ये ऑक्टाव्हिया आली, पुढे पोलो, पुंटो. आता लिवर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन केबल. एक पुढे-मागे, म्हणजे गिअर टाकायला. दुसरी डावी-उजवीकडे, म्हणजे गेट (गिअरची उभी ओळ) निवडायला. थ्रो कमी करायच्या जागाही दोन झाल्या: आतल्या लिवरचं खालचं टोक, किंवा बोनेटखाली गिअरबॉक्सवर बसलेला छोटा आर्म. बाजारातली स्वस्त किट्स बहुतेक दुसऱ्या जातीची, कारण आर्म बदलायला कन्सोल उघडावं लागत नाही. बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढला की तो समोर दिसतो.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. आर्म 60 मिमीचा 45 केला तर थ्रो 25 टक्के कमी होतो आणि हाताला जोर 33 टक्के जास्त लागतो. आतला लिवर बदलूनही अगदी हेच आकडे आणता येतात. पण आर्म आखूड केल्यावर तो वाढलेला जोर केबलमधून जातो. केबलच्या टोकाची प्लास्टिकची पकड 33 टक्के जास्त ओढ सोसते. आतला लिवर बदलला तर केबलवरचा ताण पूर्वीइतकाच राहतो, जास्तीचा भार फक्त हातावर येतो. दहा-पंधरा वर्षं जुन्या ऑक्टाव्हियात ती प्लास्टिकची टोकं आधीच उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असतात. आर्मचं किट बसवून सहा महिन्यांत केबल निसटली की ‘किट डुप्लिकेट होतं’ असं ठरतं. किट बरोबरच असतं. ज्यांना आर्मच बदलायचा आहे त्यांनी टोकांचे बुश आधी बदलावेत. पितळ किंवा अॅल्युमिनियमचे घातले तर शिफ्ट घट्ट होतो, पण इंजिनची थरथर मुठीपर्यंत येते. रोज द्वारका चौकाच्या गर्दीत अडकणाऱ्याला ती नकोशी होईल.

दुसरं असं की गिअर टाकायचा आर्म बदलला तरी गेटचा थ्रो तोच राहतो. पुढे-मागे आखूड आणि डावी-उजवीकडे पूर्वीइतकाच लांब, त्यामुळे हाताचा अंदाज चुकतो. पाचव्यातून चौथा टाकताना दुसरा पडला तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर काहीच करू शकत नाही. तो फक्त इंधन तोडतो, चाकांना थांबवत नाही. व्हॉल्व्ह वाकतात ते इथे. म्हणून दोन्ही दिशांना सारखी घट देणारं किट महाग असलं तरी तेच घ्यावं.

बसवल्यावरचं अॅडजस्टमेंट लोक सर्वांत जास्त टाळतात. ऑक्टाव्हिया-पोलोत क्रम ठरलेला आहे. गाडी न्यूट्रलमध्ये. दोन्ही केबलच्या कॉलर स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून फिरवायच्या, म्हणजे त्या उघड्या अडकून राहतात. गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर शाफ्ट खाली दाबून शेजारच्या कोन असलेल्या खटक्याने लॉक करायचा. आत लिवरच्या मुळाशी असलेल्या भोकातून पिन घालून लिवर सरळ धरायचा. मग दोन्ही कॉलर सोडायच्या, खटका सोडायचा, पिन काढायची. तपासणी अशी: पहिला गिअर टाकून लिवर डावीकडे दाबून सोडायचा आणि दुसऱ्या माणसाने बोनेटखाली शाफ्टकडे बघायचं. तो साधारण 1 मिमी हलला पाहिजे. अजिबात हलला नाही तर गेट घट्ट बसलंय, रिव्हर्सला त्रास होणार. हे न करता गाडी रस्त्यावर काढली की ‘पहिला पडतो, पाचवा पडत नाही’ अशी तक्रार येतेच.

सिंक्रोचं म्हणणं वेगळंच असतं. सिंक्रो रिंगला दोन गिअरची गती जुळवायला ठरावीक वेळ लागतो, आणि तो वेळ थ्रो कमी झाल्याने कमी होत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा गिअर ऑइल घट्ट झालेलं असतं. सकाळी निघाल्या निघाल्या दुसरा टाकताना होणारी करकर आखूड लिवरने वाढते, कारण हात आधीच पुढे पोचलेला असतो. पहिले दोन-तीन किलोमीटर हळू टाकायचं, एवढाच उपाय. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं, 80डब्ल्यू-90 स्वस्त मिळतं म्हणून 75डब्ल्यू-90 च्या जागी ओतू नये. आणि करकर आधीपासूनच असेल, तर शॉर्ट शिफ्टरने ती झाकली जाणार नाही. सिंक्रो संपत आलेल्या गाडीवर किट बसवणं म्हणजे गिअरबॉक्स लवकर उतरवण्याची तारीख ठरवणं.

कायद्याचा भाग 2019 नंतर चर्चेत आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 च्या न्यायालयीन निकालाने ते ठासून सांगितलं. तेव्हापासून गॅरेजांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आरसीवर लिवरची लांबी कुठे लिहिलीय? दुसरा विम्याकडे बोट दाखवतो: दावा अडला तर? कलमातली ‘बदल’ची व्याख्या रचनेतल्या आणि मूळ स्वरूपातल्या बदलापुरती असल्याने पहिल्या पक्षाची बाजू इथे भक्कम आहे. वॉरंटीतल्या गाडीत मात्र गिअरबॉक्सचा दावा फेटाळायला सर्व्हिस सेंटरला एवढं कारण पुरतं, म्हणून मूळ आर्म आणि लिवर जपून ठेवण्याची पद्धत पडली.

दरम्यान गाड्याच कमी होत गेल्या. 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस आली तीच ऑटोमॅटिक, पोलोचं भारतातलं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. 2023 मध्ये आय20 एन लाइनला सहा गिअरचा मॅन्युअल मिळाला आणि त्याच वर्षी बीएमडब्ल्यूची एम2 सुद्धा मॅन्युअलमध्ये घेता येऊ लागली, पण आय20 चा थ्रो मुळातच बराच आखूड आहे. अशा गाडीत आणखी 40 टक्के मागणाऱ्याला जाणकार फिटर आता आधी बुश बदलून आणि केबल नीट लावून बघायला सांगतात. ढिलेपणा गेला की निम्मे लोक किटची ऑर्डर रद्द करतात. उरलेल्यांसाठी आतला लिवर, 20 ते 25 टक्के, दोन्ही दिशांना सारखा.