टाकळीचे शंख, राजमहेंद्रीचे शिंपले

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळच्या पट्ट्यात विहीर खणताना किंवा खदानीत कधी कधी काळ्या दगडाच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, दोन थरांमध्ये एक पांढुरकी, टणक पट्टी लागते. ती फोडली की आत शंख निघतात. मग गावात चर्चा सुरू होते, की इथं आधी समुद्र होता. शंख पाहिल्यावर समुद्र आठवणं साहजिकच आहे. पण या शंखांची खरी हकीकत समजून घ्यायची तर पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं, आणि विदर्भाबाहेर, थेट गोदावरीच्या मुखाकडे.

मद्रास फौजेतला डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन हैदराबादकडून नागपूरकडे येताना वाटेतले दगड गोळा करत होता. चंद्रपूरच्या उत्तरेला, वरोऱ्याजवळच्या चिकणी गावाशी त्याला लाव्हाच्या दगडांबरोबर शंख मिळाले. त्यांचं वर्णन 1840 मध्ये लंडनमध्ये छापून आलं. सॉवर्बी या शंखतज्ज्ञानं त्यातल्या एका जातीला ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपवरून ‘फायसा प्रिन्सेपाय’ असं नाव दिलं.

हा शंख ओळखायला सोपा आहे. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर तोंड डाव्या अंगाला येतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. पोटाचा वेढा फुगीर, बाकीचे वेढे आखूड. चांगला वाढलेला नमुना अंगठ्याएवढा भरतो. मूळ कवच बहुधा शिल्लक नसतं, त्याच्या जागी गारगोटीच्या जातीचा कठीण दगड तयार झालेला असतो. म्हणूनच नांगराच्या फाळाखाली आला तरी तो सहज चुरत नाही आणि धुऱ्यावर टाकलेल्या दगडांत पावसानं धुतला जाऊन उघडा पडतो. फायसाच्या कुळातल्या गोगलगायी आजही तळ्यांत, डबक्यांत राहतात. समुद्रात नाही.

या कामाला खरी खोली आणली ती स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी. हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला. पुढच्या दशकात दोघांनी सीताबर्डी, टाकळी आणि आसपासचा मुलूख पायी धुंडाळला. टाकळीच्या त्या पातळ थरातून शंखांबरोबर फळं, बिया आणि भुंगेऱ्यांची पंखझाकणंही निघाली. म्हणजे तिथं एक तळं होतं आणि त्याच्या काठी झाडी होती. एका लाव्हानंतर दुसरा येईपर्यंत मधे बराच काळ जाई. तेवढ्यात खोलगट जागी पाणी साचे, गाळ बसे, जीव वस्तीला येत, आणि पुढचा लाव्हा ते सगळं झाकून टाकी. हिस्लॉपनं दिलेल्या नावांत टाकळी आणि नागपूर दोन्ही आहेत: ‘पॅलुडिना टाकलिएन्सिस’ आणि ‘सक्सिनिया नागपुरेन्सिस’. आपल्या एका गावाचं नाव जगभरच्या शंखशास्त्रात गेलं, याचा अभिमान इथल्या शाळांतल्या पोरांना वाटायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अडचण होती ती वयाची. तळ्यातल्या गोगलगायी फारशा न बदलता लांबचा काळ काढतात. हीच फायसा लाव्हाच्या खाली असलेल्या, ‘लॅमेटा’ नावाच्या जुन्या थरांतही सापडते. एवढ्यावरून काळ कसा ठरवायचा? इथं उपयोगी पडली आंध्रातली, गोदावरीकाठची राजमहेंद्री. तिथंही असाच लाव्हा आहे, पण त्याच्या मधल्या थरात, काटेरू आणि पंगडीच्या परिसरात, खाडीतले आणि समुद्रातले शंखशिंपले आहेत. पंगडीचं नाव मिळालेली कालवं आहेत. सगळ्यांत खालच्या लाव्हाच्याही तळाशी जो चुनखडक आहे, त्यात टरिटेलाचे लांब, स्क्रूसारखे शंख खच्चून भरलेले आहेत. समुद्री जाती दूरदूरच्या खडकांशी ताडून पाहता येतात. हिस्लॉपनं 1860 च्या लेखात नागपूरचे आणि राजमहेंद्रीचे शंख एकत्र मांडले आणि दोन्हीकडचा लाव्हा इओसीन काळाचा, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचा, ठरवला.

तीन वर्षांनी, 4 सप्टेंबर 1863 रोजी, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडाला. वादाचा निकाल मात्र लांबत गेला. काही भूवैज्ञानिक क्रिटेशस, म्हणजे त्याआधीचा डायनासोरांचा काळ, म्हणत राहिले, तर 1930 च्या दशकात वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी वनस्पतींच्या आधारे इओसीनचीच बाजू घेतली. 1980 च्या दशकात किरणोत्सारी कालमापन आणि दगडांतल्या चुंबकत्वाच्या नोंदी आल्या. तेव्हा दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर संपले त्या सुमाराचा निघाला. राजमहेंद्रीच्या दोन लाव्हांमधल्या थरातल्या सूक्ष्म समुद्री जीवांनीही तीच वेळ दाखवली. तिथला लाव्हा पश्चिमेकडून वाहत आला असावा, असंही आता बरेच भूवैज्ञानिक मानतात.

मग विदर्भात समुद्र होता का? टाकळी-चिकणीच्या शंखांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरात 2009 मध्ये फोरामिनिफेरा या समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं नोंदली गेली. खारं पाणी काही काळ इतक्या आत आलं होतं, असं ते संशोधक मानतात. ते कोणत्या वाटेनं आलं, नर्मदेच्या बाजूनं की गोदावरीच्या, यावर अजून वाद चालू आहे. तो सुटायचा तर प्रत्येक थर जागेवर पाहायला हवा. म्हणून कुणाच्या वावरात शंख निघालाच, तर तो किती हातांवर आणि कोणत्या दगडाखाली लागला, तेवढं लिहून ठेवा. ती नोंद नसेल तर नुसत्या शंखावरून थर सांगता येत नाही.